नापासांची शर्यत

समजा, एखाद्या परीक्षेची जाहिरात अशी निघाली :

परीक्षेची तारीख छापली जाणार नाही. अर्ज कुठे आणि केव्हा करायचा, हे ज्याचे त्याने हुडकून काढावे. फी १ डॉलर ६० सेंट. अर्जासोबत 'मला या परीक्षेला का बसू द्यावे' या विषयावर निबंध जोडावा. बसणाऱ्यांपैकी जवळजवळ सगळे नापास होतील; एकही उमेदवार उत्तीर्ण न होण्याचा संभव अधिक. उत्तीर्ण झालेल्यास पदक, पारितोषिक, प्रमाणपत्र यांपैकी काहीही मिळणार नाही.

अशा परीक्षेला आपण आपल्या मुलाला बसवू का? बसवणे दूरच, असली जाहिरात देणाऱ्याच्या डोक्याविषयीच आपण शंका घेऊ. आणि तरीही, वाचकहो, अशी एक परीक्षा आहे. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात डोंगरावर धावण्याची एक शर्यत होते. तिचे नाव 'बार्कली मॅरेथॉन्स'. तिला दर वर्षी फक्त चाळीसच जणांना घेतात, आणि त्या चाळिसांत आपला नंबर लागावा म्हणून देशोदेशींचे कसलेले धावपटू आशेने वाट पाहत असतात. ज्याचा नंबर लागतो त्याला निवडीचे पत्र येते. ते अभिनंदनाचे नसते, दुखवट्याचे असते!

वीसेक वर्षे उत्तरपत्रिका तपासत आले आहे. तेव्हा परीक्षा म्हटली की माझे कान टवकारतात. आणि ही परीक्षा तर आपल्या ओळखीच्या सगळ्या परीक्षांहून उफराटी. तिची हकीगत सांगण्याजोगी आहे.

तुरुंगाचा डोंगर

टेनेसीच्या पूर्व भागात कंबरलँडचे डोंगर आहेत. उंची म्हणाल तर फार नाही. त्यांतले 'फ्रोझन हेड' नावाचे शिखर ३,३२४ फुटांचे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा दोन हजार फुटांनी ठेंगणे. पण नुसत्या उंचीवरून डोंगराला जोखू नये, हे सह्याद्रीत हिंडलेल्याला सांगायला नको. अंगावर येणारे चढ, पाचोळ्याने निसरडे झालेले उतार, अंधाऱ्या घळी, आणि जागोजाग काटेरी वेलींचे रान. करवंदीच्या जाळीत शिरून बाहेर पडलेल्या माणसाच्या पोटऱ्या डोळ्यांसमोर आणा, म्हणजे कल्पना येईल. मार्चअखेरीस तिथे दिवसा ऊन असले तरी रात्री हाडे गोठवणारा गारठा पडतो. धुके उतरले म्हणजे विजेरीचा उजेड आपल्याच तोंडावर परत येतो.

या डोंगरांच्या कुशीत 'ब्रशी माउंटन' नावाचा तुरुंग होता. १८९६ साली तो सुरू झाला. तिथल्या कैद्यांना कोळशाच्या खाणीत राबवीत. भिंतीपलीकडे गेलेल्या कैद्यापुढे हे डोंगर उभे असत, आणि खरा पहारा त्यांचाच होता.

याच तुरुंगात जेम्स अर्ल रे हा कैदी होता. ४ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिस शहरात मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून करणारा तो हाच. १९५९ साली भारतात येऊन गांधीजींच्या स्मृतीला वंदन करून गेलेले किंग आपल्या वडीलधाऱ्यांच्या पिढीला चांगले आठवत असत. त्यांच्या मारेकऱ्याला ९९ वर्षांची शिक्षा झाली होती. १० जून १९७७ रोजी रे आणि आणखी सहा कैदी भिंतीवरून निसटले. सारा मुलूख पोलिसांनी आणि शिकारी कुत्र्यांनी पिंजून काढला. चोपन्न तासांनंतर रे सापडला, तो पाचोळ्याखाली दडून बसलेला. एवढ्या वेळात त्याने किती पल्ला गाठला होता? जेमतेम आठ मैल!

ही बातमी टेनेसीतल्याच गॅरी कँट्रेल नावाच्या एका धावण्याच्या शौकिनाने ऐकली. हिशेब लिहिणे हा त्यांचा व्यवसाय, आणि 'लॅझरस लेक' हे त्यांनी घेतलेले टोपणनाव. ते कुत्सितपणे म्हणाले, की एवढ्या वेळात मी निदान शंभर मैल तरी गेलो असतो! बोलून मोकळे होणारे पुष्कळ असतात. कँट्रेल आपला मित्र कार्ल हेन याच्याबरोबर त्या डोंगरात गेले, वाटा पाहिल्या, आणि १९८६ साली त्यांनी पहिली शर्यत भरवली. बॅरी बार्कली नावाच्या एका स्नेह्याचे नाव तिला दिले. तुरुंग २००९ साली बंद झाला. त्यानंतर शर्यतीची वाट तुरुंगाखालून जाणाऱ्या एका बोगद्यातूनही नेण्यात आली. जिथून सुटण्यासाठी माणसे जिवाचा आटापिटा करीत, तिथे आता माणसे आपण होऊन, पायांखाली गार पाणी तुडवीत शिरतात.

शंख, सिगारेट आणि पुस्तके

या शर्यतीचा कारभार कसा चालतो, ते ऐकण्यासारखे आहे. शामियाना नाही, ध्वनिक्षेपक नाही, पुढाऱ्यांची भाषणे नाहीत. सरकारी उद्यानात तंबू ठोकण्याची एक जागा आहे, आणि तिथे रस्त्यावर आडवे एक पिवळे फाटक आहे. हे फाटक म्हणजेच आरंभ आणि हाच शेवट.

पहिल्यांदा येणाऱ्याने आपल्या राज्याची किंवा देशाची मोटारीची नंबराची पाटी भेट म्हणून आणायची. त्या साऱ्या पाट्या तळावर दोरीला टांगलेल्या असतात. जुन्या स्पर्धकाने कँट्रेल यांना त्या वर्षी ज्याची गरज असेल ते आणायचे. कधी सदरा, कधी मोजे. ज्याने पूर्वी शर्यत पुरी केली असेल त्याने फक्त सिगारेटचे एक पाकीट आणायचे. एवढाच काय तो मानपान.

शर्यत सुटण्याची वेळ कुणालाच ठाऊक नसते. मध्यरात्रीपासून दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत ती केव्हाही सुटू शकते. सुटण्याच्या बरोबर एक तास आधी शंख फुंकला जातो. होय, शंखच! आपल्याकडे देवळात ऐकू येणारा तो नाद तिथे तंबूत अर्धवट झोपलेल्या चाळीस जणांच्या पोटात गोळा आणतो. मग तासाभराने कँट्रेल फाटकापाशी उभे राहून सिगारेट शिलगावतात. पिस्तुलाचा बार नाही, शिट्टी नाही. सिगारेट पेटली की शर्यत सुटली.

पाच फेऱ्या घालायच्या. एक फेरी कागदोपत्री वीस मैलांची. धावून आलेली माणसे मात्र ती पंचवीस मैलांच्या खाली मोजायला तयार नसतात. सगळे मिळून साठ तासांत उरकायचे, म्हणजे अडीच दिवस आणि अडीच रात्री. तीन फेऱ्या चाळीस तासांत पुऱ्या करणाऱ्याला 'मौजेची दौड' केल्याचे समाधान मिळते. नाव मौजेचे, काम मात्र हाडे खिळखिळी करणारे. पाच फेऱ्यांत जो चढ चढावा लागतो तो साठ हजार फुटांच्या घरात जातो. सिंहगडचा पायथ्यापासूनचा चढ साधारण दोन हजार फूट धरला, तर तीस वेळा सिंहगड चढायचा आणि तीस वेळा उतरायचा. तोही पायवाट सोडून, आणि झोप जवळजवळ न घेता.

वाटेवर खुणेचे बाण नाहीत, की सरबताचे पेले घेऊन उभे असलेले स्वयंसेवक नाहीत. तळावर एक नकाशा मांडून ठेवतात; त्यावरून आपल्या नकाशावर वाट उतरवून घ्यायची. हातात होकायंत्र. उपग्रहावरून वाट सांगणारी आजची साधने वापरायला मनाई आहे. स्वतःचे घड्याळसुद्धा चालत नाही. तळावर मिळालेले स्वस्तातले घड्याळ बांधायचे.

मग स्पर्धक ठरलेल्या वाटेने गेला की आडवाटेने, हे ओळखायचे कसे? इथे कँट्रेल यांची खरी कल्पकता दिसते. डोंगरात दहा-बारा ठिकाणी, दगडाखाली किंवा झाडाच्या ढोलीत, एकेक जुने पुस्तक लपवलेले असते. स्पर्धकाने ते शोधायचे, आणि आपल्या छातीवर जो क्रमांक असेल त्या क्रमांकाचे पान फाडून आणायचे. दर फेरीला नवा क्रमांक, म्हणजे नवे पान. फाटकापाशी आल्यावर कँट्रेल सावकाश पाने मोजून घेतात. एक पान कमी भरले तर फेरी बाद. पुस्तकांची निवडही मोठी खवचट असते. अपयश, मरण, वाट चुकणे असल्या विषयांची नावे मुद्दाम हुडकलेली. पुस्तकाचे पान दुमडलेले पाहूनही जीव हळहळणारी मी. पण या जगात निदान एक परीक्षा अशी आहे, की जिच्यात पुस्तकापर्यंत पोचल्यावाचून गत्यंतर नाही, याचे मला समाधानही वाटते.

शर्यत सोडून परतणाऱ्यासाठी तळावर बिगुल वाजतो. अमेरिकन सैन्यात अंत्यविधीच्या वेळी वाजवतात तीच धून. धावपटू मान खाली घालून उभा राहतो, बाकीचे थट्टामस्करी थांबवून ऐकतात, आणि मग कुणीतरी त्याला खुर्ची सरकवून देते. पहिल्याच फेरीत गळालेला नवखा असो की चौथ्या फेरीत कोसळलेला नामांकित वीर असो, धून तीच.

निकालपत्र

आता निकाल. पहिली नऊ वर्षे पाच फेऱ्या पुऱ्या करणारा कुणी निघालाच नाही. १९९५ साली मार्क विल्यम्स या इंग्लंडच्या धावपटूने ५९ तास २८ मिनिटांत फाटक गाठले. त्यानंतर पुढच्या यशासाठी २००१ साल उजाडावे लागले. २०२५ सालच्या शर्यतीपर्यंतचा सगळा हिशेब मांडला तर अवघे वीस जण उत्तीर्ण. त्यांतल्या काहींनी पुन्हा पुन्हा यश मिळवले, म्हणून एकूण यश सव्वीस वेळांचे. जेरेड कँपबेल चार वेळा, जॉन केली तीन वेळा, ब्रेट मॉन दोनदा. २०१२ साली मॉन यांनी नोंदवलेली ५२ तास ३ मिनिटांची वेळ २०२५ पर्यंत कुणालाही मोडता आली नाही. व्यवसायाने हे गृहस्थ पदार्थविज्ञानाचे संशोधक!

आणि निकाल जरा बरा लागला की कँट्रेल काय करतात? पेपर आणखी अवघड काढतात! एखादा नवा चढ घालतात, एखादे पुस्तक आणखी अडचणीच्या जागी नेऊन ठेवतात. २०१८ पासून २०२२ पर्यंत एकही उत्तीर्ण नाही. (त्यांतल्या २०२० साली साथीमुळे शर्यतच झाली नव्हती.)

नापासांच्या कहाण्या मात्र उत्तीर्णांच्या कहाण्यांपेक्षा रंगतदार आहेत. २००६ साली पंचाहत्तर वर्षांचे एक गृहस्थ वाट चुकले आणि बत्तीस तासांनी परतले. वाटेवरचे त्यांचे अंतर मोजले तर दोन मैल भरले. २०२२ साली बेल्जियमचे कारेल साब चौथ्या फेरीत झोपेवाचून इतके भ्रमले, की डोंगर उतरून गावात पोचले आणि एका कचऱ्याच्या डब्याला माणूस समजून त्याच्याशी बोलू लागले. शेवटी पोलिसांच्या गाडीतून त्यांना तळावर आणून सोडले. साब हे दातांचे डॉक्टर. एवढी फजिती झाल्यावर दुसरा कुणी आपल्या दवाखान्यात मुकाट्याने बसला असता. ते पुढच्याच वर्षी पुन्हा गेले, आणि २०२३ साली साठ तासांना सहा मिनिटे उरली असताना फाटकाला हात लावून उत्तीर्ण झाले.

पण मनाला चटका लावणारी हकीगत आहे ती कॅनडाच्या गॅरी रॉबिन्स यांची. २०१७ साली पाचव्या फेरीत त्यांनी सगळी पुस्तके गाठली, सगळी पाने खिशात घातली. आता फक्त तळापर्यंत उतरायचे राहिले होते. शेवटच्या टप्प्यात दाट धुक्यात ते चुकीच्या सोंडेवरून उतरले. चूक ध्यानात येताच जिवाच्या करारावर नदी ओलांडून धावत सुटले आणि फाटकापाशी येऊन कोसळले. साठ तासांना सहा सेकंद होऊन गेली होती.

वर्तमानपत्रांनी 'सहा सेकंदांनी हुकलेली शर्यत' म्हणून मथळे दिले. कँट्रेल यांनी मात्र स्पष्ट सांगितले, की सहा सेकंद लवकर आले असते तरी ते उत्तीर्ण ठरले नसते. ठरलेल्या वाटेचे शेवटचे दोन मैल त्यांनी केलेच नव्हते. ते फाटकाकडे भलत्याच दिशेने आले होते. सहानुभूतीचे दोन गुण नाहीत, की 'वर ढकलणे' नाही. त्या क्षणी हे फार निष्ठुर वाटते. पण थोडा विचार केला तर ध्यानात येते, की रॉबिन्स यांना त्या दिवशी एक दोन मैलांची सवलत दिली असती, तर आधीच्या पंधरा-सोळा उत्तीर्णांच्या यशातले दोन मैल आपोआप कमी झाले असते.

नव्याण्णव सेकंद

'बाईला ही शर्यत पुरी करता येणार नाही,' असे कँट्रेल जाहीरपणे म्हणत आले. म्हणण्याचा सूर खिजवण्याचा असे; पण पस्तीस-चाळीस वर्षे त्याला प्रत्यक्ष उत्तर मिळाले नव्हते, हेही खरे.

जास्मिन पॅरिस या ब्रिटनमधल्या जनावरांच्या डॉक्टर. नोकरी एडिंबरोच्या विद्यापीठात, घरी दोन लहान मुले. पहाटे सगळे घर झोपलेले असताना उठून डोंगरात धावून यायचे आणि मग दिवसाच्या कामाला लागायचे, हा त्यांचा परिपाठ. २०१९ साली इंग्लंडच्या पेनाइन डोंगरातली २६८ मैलांची हिवाळी शर्यत त्यांनी ८३ तासांत जिंकली. बायकांतली पहिली म्हणून नव्हे; बाई-पुरुष साऱ्यांत पहिली, आणि पूर्वीचा विक्रम बारा तासांनी मोडून. त्या वेळी त्यांची मुलगी चौदा महिन्यांची, अंगावर पिणारी. वाटेतल्या मुक्कामांवर थांबून त्या दूध काढून ठेवीत आणि पुढे निघत. ज्या घरांत बाईने स्वतःसाठी तासभर मागितला की भुवया उंचावतात, त्या घरांतून ही हकीगत जरूर मोठ्याने वाचावी!

२०२२ साली त्या बार्कलीला आल्या आणि तीन फेऱ्या करून परतल्या. २०२३ साली चौथ्या फेरीपर्यंत पोचल्या आणि परतल्या. २०२४ च्या मार्चमध्ये तिसऱ्यांदा आल्या. या खेपेला पाचवी फेरी गाठली. त्यांच्या आधी चार पुरुष शर्यत पुरी करून बसले होते. साठ तास भरत आले. फाटकापाशी उभ्या असलेल्या मंडळींनी जवळजवळ आशा सोडली होती, आणि रस्त्याच्या वळणावर त्या धावताना दिसल्या. फाटकाला हात लागला आणि त्या तिथेच कोसळल्या. काट्यांनी पायांची चाळण झाली होती, श्वास घेता येत नव्हता. वेळ ५९ तास, ५८ मिनिटे, २१ सेकंद.

शिल्लक उरली ती नव्याण्णव सेकंद. रे याला शिक्षा झाली होती ती नव्याण्णव वर्षांची. योगायोगच, पण त्या डोंगराच्या हिशेबवहीत हे दोन आकडे शेजारीशेजारी मांडून ठेवावेत असे वाटते.

कँट्रेल यांनी तेव्हाही पाने मोजून घेतली. एकही कमी नव्हते. बाई म्हणून पेपर सोपा काढला नव्हता, वेळ वाढवून दिली नव्हती, हीच त्या यशाची सगळी किंमत आहे. जाता जाता त्यांना सवलतीचे एक मिनिट मिळाले असते, तर 'बाईला जमणार नाही' हे वाक्य पुन्हा डोके वर काढायला मोकळे राहिले असते.

मग मिळते काय?

घरात ही हकीगत सांगितली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'मग त्यांना मिळते काय?' प्रश्न व्यवहारी आहे, आणि त्याला हसण्याचे कारण नाही. पोटापाण्याच्या विवंचनेत असलेल्या माणसाला हा श्रीमंत देशातला रिकामपणाचा उद्योग वाटला तर त्याचे चूक म्हणता येणार नाही. त्याच डोंगरात एके काळी कैद्यांना मारून मुटकून राबवीत होते, हेही विसरता येत नाही.

परंतु आपल्याकडच्या परीक्षांकडे पाहते तेव्हा या उफराट्या परीक्षेविषयी मला आदर वाटू लागतो. हल्ली शहरोशहरी मोठमोठ्या मॅरेथॉन होतात. शेवटपर्यंत पोचणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात पदक पडते. त्यात वाईट काही नाही. त्या निमित्ताने चार माणसे अंथरुणातून लवकर उठतात. पण दुसऱ्या बाजूला, निकालाच्या दिवशी पंच्याण्णव टक्के मिळवलेले मूल शेजारच्या मुलाला सत्त्याण्णव पडले म्हणून खोलीचे दार लावून बसते, हेही आपण पाहतो. सगळ्यांना पदके वाटूनही नापास होण्याची भीती आपल्या घरांतून गेलेली नाही. उलट ती वाढली आहे. कारण नापास होऊन परत आलेल्या माणसाशी वागायचे कसे, याचा रिवाजच आपल्याजवळ उरलेला नाही.

बार्कलीच्या तळावर तो रिवाज आहे. नापास झालेल्याला कुणी 'चालायचेच' म्हणून खोटे सांगत नाही, आणि कुणी टाकूनही बोलत नाही. त्याच्यासाठी बिगुल वाजतो. कुठवर गेलास, कुठे चुकलास, कोणते पुस्तक सापडले नाही, अशी चौकशी होते. अपयश लपवायचे नसल्यामुळे त्याच्याविषयी मोकळेपणाने बोलता येते, आणि बोलता बोलताच पुढच्या वर्षीची वाट सापडते. साब यांना ती तशीच सापडली, पॅरिसबाईंनाही. जिथे अपयशाचा खराखुरा संभव नाही, तिथल्या यशाला अर्थ नाही, अशी कँट्रेल यांची धारणा आहे. ती पटो वा न पटो. पण अपयशाला इतक्या सभ्यपणे वागवणारी जागा जगात फार थोडी असेल.

२०२५ साली पेपर पुन्हा अवघड निघाला. चाळिसांपैकी एकालाही पाच फेऱ्या करता आल्या नाहीत. तीन फेऱ्यांपर्यंत मजल गेली ती एकट्या जॉन केली यांची. तीही चाळीस तासांना थोडी मिनिटे उरली असताना. हे केली त्याच डोंगरांच्या परिसरात लहानाचे मोठे झालेले, आणि पूर्वी तीनदा उत्तीर्ण झालेले. त्या वर्षी तेही नापास झाले. त्यांच्यासाठीही बिगुल वाजला, तोच आणि तेवढाच.